बोल्ट किती, हा प्रश्न नंतरचा

स्टंट स्कूटर म्हटलं की आपल्याकडे आधी डोळ्यासमोर येते ती पुढचं चाक उचलून पळवलेली पेट्रोलची गाडी. मी बोलतोय ती वेगळी. पायाने ढकलायची, न दुमडणारी, उड्या मारायला आणि हँडल गरगर फिरवायला बनवलेली छोटी दोनचाकी. तिच्या हँडलची उभी नळी खालच्या फोर्कला घट्ट बांधणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा म्हणजे क्लॅम्प. तो दोन, तीन किंवा चार बोल्टांचा मिळतो, आणि घेणारा जवळजवळ नेहमी एकच गोष्ट विचारतो: चार बोल्टांचा जास्त मजबूत ना? माझं म्हणणं असं की मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनारपट्टीवर हा प्रश्न तिसऱ्या नंबरचा आहे. आधी पाहायचं ते स्कूटरला कुठली कॉम्प्रेशन पद्धत आहे, मग बोल्ट कुठल्या धातूचे आहेत आणि त्यांच्याकडे कोण लक्ष देणार. बोल्टांची संख्या त्यानंतर.

याचं कारण क्लॅम्पच्या कामातच आहे. हँडल वर-खाली खडखडू नये यासाठी हेडसेटच्या, म्हणजे फोर्क ज्यात फिरतो त्या सांध्याच्या, बेअरिंगवर दाब लागतो, आणि तो दाब क्लॅम्प देत नाही. तो येतो कॉम्प्रेशनच्या उभ्या बोल्टमधून. क्लॅम्पचं काम आहे हँडल आणि चाक एका रेषेत राखणं, उडीनंतर जमिनीवर आदळताना हँडल एकीकडे आणि चाक दुसरीकडे वळू न देणं. ही दोन कामं वेगळी आहेत, म्हणून त्यांचे दोषही वेगळे. चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळलं आणि ते फिरलं, तर क्लॅम्प ढिला. फोर्क आणि हेडसेट जिथे मिळतात तिथे बोट ठेवून स्कूटर पुढे-मागे हलवली आणि बोटाला हालचाल जाणवली, तर कॉम्प्रेशन ढिलं. दुसऱ्या दोषावर क्लॅम्प कितीही आवळला तरी उपयोग नाही. उलट, ढिली मांडणी आहे तशीच पक्की होते आणि बेअरिंग मार खात राहतं. मोटरसायकलचा कोनसेट बसवणाऱ्या मेकॅनिकला हे सांगावं लागत नाही. पण स्कूटर हे पोरांचं खेळणं समजून तिच्यावर आधी हाती येईल तो पाना चालवला जातो.

पद्धत कुठली हे ओळखणं अवघड नाही. एचआयसी नावाच्या पद्धतीत फोर्कच्या २८.६ मिलिमीटरच्या दांड्यावर आधी एक शिम, म्हणजे पातळ नळी, बसते आणि तिच्यावर जाड नळीचं हँडल. आयएचसी पद्धतीत फोर्कचा दांडा वरच्या भागात बारीक असतो आणि बोल्ट थेट त्याच्या आतल्या आट्यांत बसतो. या दोन्हींत हँडलच्या नळीला खाली चीर असते, कारण चीर असल्याशिवाय नळी दाबली जाऊन आतल्या दांड्याला धरणार नाही. तिसऱ्या, एससीएस पद्धतीत ही चीर नको असते. तिथे हँडल फोर्कवर चढतच नाही. दोघं क्लॅम्पच्या पोटात समोरासमोर येतात, खालचे बोल्ट फोर्कला धरतात आणि वरचे हँडलला. म्हणजे एससीएसचे चार बोल्ट हौसेचे नाहीत, प्रत्येक टोकाच्या वाट्याला दोनच येतात. याच्याकडे पाहून एचआयसीलाही चार बोल्ट हवेत असं ठरवणं म्हणजे दोन वेगळ्या हिशोबांची बेरीज करणं. मग येतो व्यास. हँडलची नळी बाहेरून ३१.८ मिलिमीटर असते किंवा ३४.९. फरक जेमतेम तीन मिलिमीटरचा, त्यामुळे ‘पत्र्याचं पॅकिंग टाकून देतो’ हे उत्तर दुकानात हमखास मिळतं. ते घेऊ नये. पत्रा सगळीकडे सारखा टेकत नाही, दाब ठिकठिकाणी एकवटतो आणि पिळाच्या वेळी तोच पत्रा सरकतो. व्हर्निअरने नळी मोजून मगच क्लॅम्प मागवावा.

आता किनाऱ्याचा प्रश्न. वाऱ्याबरोबर येणारं मीठ धातूवर बसतं, आणि हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आर्द्रता बहुतेक वेळ त्याहून वरच असते, त्यामुळे पावसात न भिजलेली, पडवीत ठेवलेली स्कूटरही गंजते. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात पोलादी बोल्ट आणि मध्ये खारट ओल, एवढं जमलं की दोन धातूंची छोटी बॅटरी तयार होते. आट्यांत पांढरी भुकटी धरते, बोल्ट अडकतो, आणि जोर लावून काढायला जावं तर ठोकळ्यातले आटेच त्याच्याबरोबर बाहेर येतात. क्लॅम्पवरचा रंगीत ॲनोडायझिंगचा थर बाहेरून चांगलं रक्षण करतो, पण आट्यांत तो घासला जातो.  

यावर कोणी म्हणेल, मग स्टेनलेसचे बोल्ट घाला आणि सुटा. अर्धं बरोबर आहे. ३१६ जातीचं स्टेनलेस खाऱ्या हवेत टिकतं, पण नेहमीच्या ७० वर्गाच्या स्टेनलेस बोल्टची ताकद ७०० मेगापास्कलच्या आसपास, तर १२.९ वर्गाच्या काळ्या ॲलन बोल्टची १२००. शिवाय स्टेनलेस स्वतः वाचतं, झिजतं ते शेजारचं ॲल्युमिनियम. काळा बोल्ट सगळ्यांत मजबूत खरा, पण त्याच्यावरचा काळा थर गंजाला फारसा अडवत नाही, किनाऱ्यावर तोच आधी तांबडा होतो. मला जस्ताचा मुलामा दिलेला, ८.८ किंवा १०.९ वर्गाचा साधा एम-६ बोल्ट पटतो. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात तो थोडक्या पैशांत मिळतो आणि दरवर्षी बदलायला जीवावर येत नाही. चार बोल्टांच्या बाजूने खरा मुद्दा एकच आहे: एक तुटला तर तीन उरतात. मोठ्या उड्या मारणाऱ्याने तो जरूर मानावा. पण शिकणाऱ्या मुलाच्या स्कूटरवर चार अडकलेल्या बोल्टांपेक्षा दोन निगा राखलेले बोल्ट मी केव्हाही पत्करीन, कारण जी गोष्ट उघडायला कंटाळा येतो ती पावसाळाभर कोणी उघडत नाही.

बसवताना क्रम चुकवू नये. बोल्ट ढिले ठेवून क्लॅम्प नळीवर चढवावा. आधी कॉम्प्रेशनचा बोल्ट इतपतच आवळावा की खडखड थांबेल, पण हँडल हलक्या हाताने फिरेल. मग हँडल चाकाशी काटकोनात आणून क्लॅम्पचे बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे घट्ट करावेत. एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे वळलं तर ठोकळा वाकडा धरतो. ग्रीस फक्त आट्यांना, नळी आणि क्लॅम्पची आतली बाजू कोरडी आणि स्वच्छ. ग्रीस लावलेल्या बोल्टला नेहमीपेक्षा कमी जोर पुरतो, हे विसरलं की आटे जातात. टॉर्क पाना असेल तर क्लॅम्पसोबत छापलेला आकडाच कमाल मानावा.

काशीद किंवा नागावच्या वाळूत स्कूटर नेली असेल, तर घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावी. प्रेशरचा पाइप मारू नये, त्याने वाळू बेअरिंगच्या आत जाते. आणि मे संपायच्या आत प्रत्येक बोल्ट एकदा पूर्ण बाहेर काढून, आटे ब्रशने साफ करून, ग्रीस लावून परत बसवा. काढताना एकही बोल्ट करकरला, तर त्याच दिवशी सगळे नवे घाला.