सहा लाखांचा पुतण्या

पेन्शन सुरू झाली की माणसाला दोन गोष्टी आपोआप जडतात. एक मधुमेह आणि दुसरी भविष्यवाणी. पहिलीवर निदान गोळ्या तरी मिळतात. दुसरीवर अजून औषध निघालेलं नाही, आणि निघालंच तर ते मला आधी घ्यायला लावा, असं आमच्या सौभाग्यवतींनी औषधाच्या दुकानात सांगून ठेवलं आहे.

दिघोरी म्हटलं की नागपूरकडच्या माणसाला उमरेड रोडवरचा दिघोरी नाका आठवतो. ती दिघोरी वेगळी. आमची दिघोरी भंडारा जिल्ह्यातली, लाखांदूर तालुक्यातली. हिला सरकारदरबारी ‘दिघोरी मोठी’ म्हणतात. मोठी कशाने, हे विचारू नये. आमच्या झाडीपट्टीत भाकीत हा धानशेतीचा जोडधंदा आहे. पाऊस कधी येणार, शंकरपटात कोणाची जोडी पहिली येणार, वडशाच्या कोणत्या नाटक कंपनीला मंडईत गर्दी होणार, यावर पानठेल्यावर रोज सकाळी निकाल लागतात आणि संध्याकाळी ते फिरवले जातात. अशा गावात मी चौतीस वर्षं मास्तरकी करून निवृत्त झालो. म्हणजे जमीन तयारच होती, फक्त बी पडायचं बाकी होतं.

ते पडलं २०१४ साली. प्रो कबड्डी सुरू व्हायची होती आणि मुंबईत खेळाडूंचा लिलाव झाला. राकेश कुमारला पाटण्याच्या संघाने १२ लाख ८० हजारांना घेतलं. त्या लिलावातली ती सगळ्यात मोठी बोली. ही बातमी मी पानठेल्यावर मोठ्याने वाचून दाखवली. सगळे गप्प झाले. मग बैलबाजारात उभी हयात गेलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, “गुरुजी, मानसाचा लिलाव म्हनता, मंग दात पाहून घेतेत का खूर पाहून?”

मी मास्तर. उत्तर येत नसलं तरी शिकवायचं हा आमचा बाणा. मी घरी जाऊन अभ्यास केला आणि दुसऱ्या दिवशी व्याख्यान दिलं. खेळाडूंचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. प्रत्येक वर्गाची मूळ किंमत ठरलेली. संघाच्या थैलीत किती पैसे, तेही ठरलेलं. ते एकावर उधळले तर बाकीच्यांना घ्यायला चणेफुटाणेच उरतात. पुढच्या वर्षांत आणखी एक गंमत आली, तीही शिकवली. दुसऱ्याने आपल्या जुन्या खेळाडूवर शेवटची बोली लावली, तर तेवढेच पैसे मोजून जुन्या संघाला त्याला परत ठेवून घेता येतं. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हंजे आमचंच आहे. फक्त रुमालाखाली बोटं न दाबता हे लोक बोंबलून सांगतेत.”

तेव्हापासून लिलाव जवळ आला की मी यादी करू लागलो. बियाण्याच्या कंपनीने दिलेल्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर लाल शाईने. कोण, कोणत्या संघात, किती लाखांना. चूक झाली तर पैज एका खर्ऱ्याची. मी स्वतः खर्रा खात नाही. पण मी हरलेल्या खर्ऱ्यांवर आमच्या पानठेलेवाल्याने टपरीचं छप्पर बदललं, असं लोक म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, इतका अभ्यास करून हरत कसे? ऐका. २०१८ साली मी जाहीर केलं, की हुतूतू खेळणाऱ्याला या देशात कोणी एक कोटी देणार नाही. कोटी म्हणजे काय आसन्याच्या शेंगा आहेत? ३० मे रोजी इराणच्या फजल अत्राचलीला यू मुंबाने बरोबर एक कोटीला घेतलं. पानठेल्यावर पेढे वाटले गेले, माझ्या खर्चाने. मी म्हटलं, हा अपवाद. अपवादामागोमाग मोनू गोयत १ कोटी ५१ लाखांना गेला, आपल्या मुंबईचा रिशांक देवाडिगा १ कोटी ११ लाखांना उत्तर प्रदेशच्या संघात गेला, आणि मोजता मोजता असे सहा अपवाद झाले. नियम एकटा मीच उरलो.

पण आंधळ्याच्या काठीलाही कधी साप लागतो. २०२२ साली मी लिहिलं, सगळ्यात महाग पवन सेहरावत. आणि गेला ना! तमिळ थलैवाजने २ कोटी २६ लाखांना घेतला. तोवरच्या सगळ्या लिलावांतली ती सर्वांत मोठी बोली. दोन महिने मी गावातून छाती काढून हिंडलो. ऑक्टोबरमध्ये सामने सुरू झाले आणि पहिल्याच सामन्यात पवनचा गुडघा गेला. सबंध मोसम बाहेर. ज्याचं नाव ना माझ्या यादीत ना पानठेल्याच्या, त्या नरेंदर नावाच्या नवख्या पोराने त्याच संघासाठी चढाया करून दोनशेच्या वर गुण मिळवले आणि संघ उपांत्य फेरीत नेला. पानठेलेवाला म्हणाला, “गुरुजी, तुमी हारता तेच बरं हाय. जितले की पोराचे पाय मोडतेत.”

हसण्याच्या गोष्टी इथवरच. आता यादीच्या शेवटच्या ओळीबद्दल सांगतो. ते सांगायला हा सगळा फेरा घेतला.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा कबड्डी खेळतो. डाव्या कोपऱ्यात उभा राहतो आणि चढाई करणाऱ्याचा घोटा असा धरतो, की आमच्या पंचक्रोशीतली पोरं त्याच्या बाजूने बोनस घ्यायला पाय घालत नाहीत. त्याला सगळे बाबू म्हणतात. मी यादीच्या तळाला दरवर्षी गमतीने लिहायचो : ‘आमचा बाबू. ड वर्ग. मूळ किंमत सहा लाख.’ पानठेल्यावर ती ओळ फार लोकप्रिय होती. बाबू तिथून गेला की कोणी ओरडायचं, “सात लाख!” दुसरा म्हणायचा, “साडेसात, अन् वरून बंडी!” बाबू मान खाली घालून हसायचा आणि निघून जायचा. आम्हाला वाटायचं, लाजतो.

२०२२च्या लिलावात पाचशेवर खेळाडू होते, आणि त्यांत खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतल्या पहिल्या दोन संघांचे चोवीस खेळाडू. म्हणजे थेट कॉलेजातली पोरं. हे वाचून मला चेव आला. लिलाव ५ आणि ६ ऑगस्टला होता, ऐन रोवणीत. सगळं गाव बांधीत वाकलेलं आणि आम्ही तीन निवृत्त माणसं पानठेल्यावर एका मोबाईलभोवती वाकलेलो. यादी मी घरी पडवीतल्या बाजेवर विसरलो होतो. संध्याकाळी परतलो तर बाबू तिथे उभा. दिवसभर पऱ्हे रोवून आलेला, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि हातात ते कॅलेंडर.

“मोठेबाबा,” तो म्हणाला, “माह्या नावापुढं काय लिवू?”

मी म्हटलं, “अरे, गंमत आहे ती.”

“तसं नाही. बाकी सगळ्यांपुढं तुमी लाल शाईनं लिवता ना, कोन गेला, कितीत गेला. माह्यापुढं दरवर्षी कोरंच रायते.” त्याने माझा लाल पेन घेतला आणि सुवाच्य अक्षरात, जे मीच त्याला चौथीत घोटून दिलं होतं, लिहिलं : ‘विकला गेला नाही.’ मग कॅलेंडर बाजेवर नीट ठेवून तो हातपाय धुवायला विहिरीकडे गेला.

मागाहून भावाकडून कळलं. हिवाळ्यात बाबू विद्यापीठाच्या निवड चाचणीला जाऊन आला होता. आम्हा कोणाला सांगितलं नव्हतं. चाचणी मॅटवर होती. आमच्याकडे कबड्डी शाळेमागच्या मातीत, अनवाणी. मॅटवर बूट लागतात. त्याने एका मित्राचे मागून नेले, ते एक नंबर मोठे निघाले. घोटा धरायला खाली बसला की बुटात पाय मागे राहायचा आणि बूट पुढे जायचा. दुसऱ्या फेरीत त्याला परत पाठवलं. निवडणाऱ्यांचं काय चुकलं? त्यांच्यासमोर घसरणारं पोर होतं, त्यांनी घसरणारं पोर पाहिलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. बारा संघांच्या थैलीत किती लाख उरले, हे मी तोंडपाठ म्हणून दाखवत होतो. अंगणात वाढलेल्या पोराच्या पायाचा नंबर मला माहीत नव्हता. आठ वर्षांत हरलेल्या खर्ऱ्यांचा हिशेब केला, तर त्यात दोन जोड आले असते.

सौभाग्यवतींनी कंदील विझवावा तसं शांतपणे म्हटलं, “तुम्ही पेपर तपासता तशी माणसं तपासता. वर्गातही हेच.”

खोटं कसं म्हणू? चौतीस वर्षं मी दुसरं काय केलं? जूनमध्ये वर्गात नजर टाकायची आणि मनातल्या मनात अ, ब, क, ड पाडायचे. हा साहेब होणार, हा बांधीत जाणार. माझा एक ‘अ’ आज मला ओळख दाखवत नाही, आणि एका ‘ड’च्या राइस मिलमधून माझ्या घरी तांदूळ येतो, वर नमस्कारही येतो. तो तांदूळ असतो एचएमटी. वैनगंगेपलीकडे, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांचं ते वाण. शिक्षण तिसरीपर्यंत, म्हणजे माझ्या हिशेबात सरळ ‘ड’. १९८३ साली आपल्या धानात त्यांना तीन लोंब्या जरा निराळ्या, पिवळसर दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, पेरल्या, पुन्हा पेरल्या आणि त्यातून वाण उभं केलं. घड्याळाच्या कंपनीवरून त्याला नाव मिळालं. त्या तीन लोंब्यांवर भर बाजारात कोणी दमडीची बोली लावली नसती. त्या दिसल्या, कारण तो माणूस रोज त्या धुऱ्यावरून चालत होता. मी धुऱ्यावर कॅलेंडर घेऊन बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी बाबूला घेऊन साकोलीला गेलो. नंबर नऊ. आता तुम्हाला माहीत असलेला बरा. त्या बुटांनी तो प्रो कबड्डीत गेला, असं लिहायचा मोह होतो आहे. लेखाला शोभलंही असतं. पण गेला नाही. नगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार पुणेरी पलटणचा कर्णधार झाला आणि १ मार्च २०२४ ला त्याने करंडक उचलला, तेव्हा आमच्या घरी बाबूच सगळ्यांत जास्त ओरडला. खेड्यातला कोणी तरी गेला, याचा त्याला आनंद होता. त्याच्या ओरडण्यातला थोडासा आवाज त्याचा स्वतःचा होता, तेवढा मी ऐकला.

आज बाबू शेती करतो आणि संध्याकाळी शाळेमागच्या मैदानावर वीस-बावीस पोरापोरींना कबड्डी शिकवतो. मी चिटणीस. माझ्या कॅलेंडरच्या पाठीवर आता नावापुढे आकडे असतात ते असे : चार, पाच, पाच, साडेसहा. पावसाळा संपला की ते घेऊन मी ओळखीच्या राइस मिलवर जातो. जुना ‘ड’ आपण होऊन खुर्ची देतो.

लिलावाची यादी मी बंदच केली होती. पण २०२५च्या मे महिन्यात, लिलावाच्या आदल्या संध्याकाळी, बाबू स्वतःच कोरं कॅलेंडर घेऊन आला. “मोठेबाबा, करा. पानठेलेवाला विचारून रायला. त्याचं नुकसान होऊन रायलं.” दोघांनी मिळून केली. मी म्हटलं, सर्वांत महाग देवांक दलाल. तो म्हणाला, इराणचा शादलोई. शादलोई २ कोटी २३ लाखांना गुजरातने घेतला, देवांक २ कोटी २० लाख ५० हजारांना बंगालने. अडीच लाखांनी मी हरलो. एक खर्रा गेला. अंगवळणी पडलं आहे.

यादीच्या तळाला मात्र त्याने आपल्या हाताने, लाल शाईत एक ओळ घातली होती, ती मी निकालाच्या दिवशी पाहिली : ‘मोठेबाबा. ड वर्ग. मूळ किंमत एक खर्रा. विकले गेले नाहीत.’

मी ती ओळ मोठ्या कौतुकाने सौभाग्यवतींना दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “ते परत ठेवून घ्यायचं असतं ना काहीतरी? तसं लिहा माझ्या नावावर. दुसरं घेणार आहे कोण?”