दोर कुणी बांधला?

शेजारच्या वहिनींचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "ताई, गच्चीवर जा. पण आरडाओरडा करत जाऊ नका," एवढंच म्हणाल्या. चार मजले मी कशी चढले ते आठवत नाही. गच्चीच्या दाराशी पोहोचले तर आमचा धाकटा कठड्यावर उभा, पलीकडच्या बिल्डिंगच्या गच्चीकडे तोंड करून. मधे बोळ. खाली दोरीवर कुणाचे तरी कपडे वाळत होते. त्याचे दोन मित्र अलीकडे. एकाने मोबाइल विटेला टेकवून ठेवला होता, दुसरा उलटे आकडे मोजत होता.

मी हाक मारली नाही. आमचे हे तारापूर एमआयडीसीत मेंटेनन्सला आहेत, वीस वर्षं उंचावरची कामं करतात. वर उभ्या माणसाला मागून हाक मारायची नाही, तो दचकून वळतो आणि तोल जातो, हे त्यांनी कधीतरी सांगितलं होतं. त्या क्षणी डोक्यात तेवढंच होतं. दाराची कडी घट्ट धरून उभी राहिले. "तीन"वर त्या मोजणाऱ्या पोराने मला पाहिलं आणि त्याचा आवाजच बंद पडला. आमच्याने मागे नाही, खाली पाहिलं. मग हळूच गुडघे वाकवले, कठड्याला हात टेकला आणि आतल्या बाजूला उतरला. गुडघ्याला शेवाळ लागलं होतं. पावसाळा नुकताच संपलेला, कठडा अजून ओला होता.

रात्री तो जेवला नाही, मीही नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, "आई, ऑडिशनला व्हिडिओ पाठवायचाय. साधा व्हिडिओ कोण बघतं? काहीतरी डेअरिंगचं लागतं."

मला त्यातलं काहीच कळलं नाही. कसली ऑडिशन, कुणाची डेअरिंग, कोण बघणार? एकोणीस वर्षांचा पोरगा, आयटीआय करून ट्रेनी म्हणून लागलेला. सालवडहून सकाळी डबा घेऊन निघतो, संध्याकाळी येतो, मोबाइल घेऊन पडतो. त्या मोबाइलमध्ये तो काय बघतो हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्या रात्री ओरडण्याऐवजी म्हटलं, "मला दाखव. पहिल्यापासून समजावून सांग."

मग दिवाळीपर्यंत रोज रात्री भांडी आवरली की आम्ही दोघं त्या छोट्या पडद्यासमोर ते ऑडिशनवाले कार्यक्रम बघत बसायचो. पहिले चार-पाच दिवस मी नुसती गोंधळलेली. कोण कुणाच्या बाजूने आहे, कालपर्यंत गळ्यात गळे घालणारी पोरं आज एकमेकांवर का धावून जातात, "व्होट आउट" म्हणजे हरला की नुसता काढून टाकला? "इम्युनिटी" हा शब्द मी कोरोनात काढ्याबरोबर ऐकला होता. इथे त्याचा अर्थ, या आठवड्यात तुला कुणी हात लावू शकत नाही. पोरगा न कंटाळता सांगायचा. इतक्या वर्षांत त्याने मला इतकं काही समजावून सांगितल्याचं मला आठवत नाही.

'रोडीज' २००३ साली एमटीव्हीवर सुरू झालं, सात मुलंमुली मोटरसायकलवर निघाली आणि पहिल्या वर्षी रणविजय सिंग जिंकला, हे त्याला तोंडपाठ. 'खतरों के खिलाड़ी' मूळ नेदरलँड्समधलं, अमेरिकेत २००१मध्ये 'फिअर फॅक्टर' नावाने आलं. आपल्याकडे कलर्सवर २००८ला सुरू झालं तेव्हा अक्षय कुमार होता, आता बरीच वर्षं रोहित शेट्टी. पण त्याच्या डोळ्यांत चमक यायची ती शिव ठाकरेचं नाव निघालं की. अमरावतीचा मुलगा, २०१७ला 'रोडीज'मध्ये गेला, २०१९ला 'बिग बॉस मराठी' जिंकला, मग हिंदी 'बिग बॉस'मध्ये दुसरा आला आणि २०२३च्या 'खतरों के खिलाड़ी'साठी थेट दक्षिण आफ्रिकेत. "आपल्यासारख्या घरातला आहे गं तो," असं तो म्हणाला तेव्हा मला बोलायला काही सुचलं नाही. बारामतीकडचा सूरज चव्हाणसुद्धा मोबाइलवरच्या व्हिडिओंतूनच पुढे आला आणि २०२४मध्ये 'बिग बॉस मराठी' जिंकला. आमच्या शिवाजीनगरच्या खोल्यांमध्ये रात्रपाळी करून आलेल्या पोरांना हे नाव घेऊन कुणी सांगितलं की रस्ता इथूनही जातो, तर त्याला खोटं कसं म्हणायचं? रस्ता खरंच गेला आहे. फक्त तो बोळावरून उडी मारून जातो हे कुणी सांगितलं, ते मला शोधायचं होतं.

आणि खरं सांगते, मीही अडकले. पाण्याच्या टाकीत एका मुलीला साखळीने बांधून सोडलं, किल्ल्या तळाशी. ती एकेक कुलूप काढत होती आणि मी श्वास धरून बसले होते. ती वर आली तेव्हा माझ्या हातातली उशी मुठीत चुरगाळलेली. पोरगा माझ्याकडे बघून हसला, मायेने हसला. त्या हसण्यात मला कळलं की त्याला नेमकं हेच हवं आहे. आपण वर येताना कुणीतरी असा श्वास धरून बसलेलं असावं.

आमच्या वेळीही हे होतंच. १९९१ला 'फूल और कांटे' आला, अजय देवगण दोन चालत्या मोटरसायकलींवर पाय ठेवून उभा. भुसावळला आमच्या गल्लीत त्याच आठवड्यात दोन सायकलींवर प्रयोग झाला आणि माझ्या आतेभावाच्या हनुवटीला टाके पडले. पुढे १९९७ला 'शक्तिमान' आलं. मुलं गोल फिरायची, उंचावरून उड्या मारायची. शेवटी शक्तिमान झालेले मुकेश खन्ना स्वतः पडद्यावर येऊन मुलांना सांगायचे, असलं काही करू नका. मोठा माणूस थांबून मुलांशी बोलतोय, हे मला नीट आठवतं. आता खाली इशाऱ्याची एक पट्टी येते. मी ती वाचायला घेतली तर दुसरा शब्द वाचेपर्यंत ती निघूनही गेली होती.

एका रात्री पडद्यावर दोन उंच इमारतींच्या मधे फळी टाकलेली आणि एक मुलगा त्यावरून चालतोय. मी विचारलं, "याला दोर कुणी बांधला?"

"म्हणजे?"

"कंबरेला दोर आहे ना त्याच्या. तो कुणी बांधला? दुसरं टोक कुणाच्या हातात आहे?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू हा प्रश्न या कार्यक्रमाचा नव्हेच. "असेल कुणीतरी. ते दाखवत नाहीत."

हे दुसऱ्या पाळीचे, रात्री साडेअकराला आले. ताट वाढलं तर ते ताटासकट आमच्यामागे येऊन उभे राहिले. "थांबव ते चित्र," म्हणाले. पोराने थांबवलं. यांनी घासाचा हात तसाच ठेवून डाव्या हाताने दाखवलं, "हा बघ एक दोर, हा दिसतो. आणि हा दुसरा, पाठीमागून गेलाय, बारीक. तो पहिल्यासाठी आहे." पोरगा पडद्याजवळ गेला. शंभर वेळा पाहिलेल्या त्या प्रसंगात तो दुसरा दोर त्याला पहिल्यांदा दिसला.

रविवारी यांनी आपला जुना सेफ्टी बेल्ट माळ्यावरून काढला. मीही तो इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. नवऱ्याचा जीव वीस वर्षं ज्याच्यावर टांगलेला, ती वस्तू मी फक्त केर काढताना बाजूला सरकवलेली. यांनी शिवणीवरून अंगठा फिरवला, एका ठिकाणी धागा उसवला होता तो दाखवला. "एवढ्यासाठी हा बाद. नवीन घेतला." मग पोराच्या अंगात घातला. मांड्यांचे पट्टे ओढले, आत दोन बोटं घालून पाहिली. पाठीवरची कडी खांद्यांच्या मधोमध आणली. दोन हुक. चढताना एक सोडायचा तो दुसरा अडकला की मगच, कुठल्याही क्षणी एक तरी अडकलेला हवाच. "आणि वर जायच्या आधी परमिट. त्यावर सह्या. खाली एक माणूस उभा, त्याला दुसरं काही काम नाही, फक्त वर बघायचं."

"फक्त बघायचं?"

"फक्त बघायचं. मोबाइलसुद्धा काढायचा नाही."

पोरगा बेल्ट घालून खोलीच्या मधोमध उभा होता. त्याने विचारलं, "पप्पा, तुम्हाला भीती वाटते?" हे म्हणाले, "रोज." मीही ते पहिल्यांदाच ऐकत होते. ११ जानेवारी २०२०ला संध्याकाळी कोळवड्याच्या कारखान्यात स्फोट झाला, आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या, तेव्हा हे कामावर होते. घरी आले ते गप्पच. त्या दिवसाबद्दलही त्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं. अजय देवगणचा विषय निघाला तेव्हा एवढंच म्हणाले, "त्याचा बाप वीरू देवगण. स्टंट बापानेच बसवले होते. पोराला गाडीवर उभं करण्याआधी बापाने शंभर वेळा मोजलं असेल." आणि बेल्टची पट्टी सैल करायला लागले.

उंचीचं असं सुटलं. पण एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही, आणि ती उंचीपेक्षा जास्त सलते.

पोराने मला 'रोडीज'च्या जुन्या मुलाखती दाखवल्या. रघु राम आणि राजीव लक्ष्मण हे जुळे भाऊ टेबलापलीकडे, समोर आमच्या पोराच्या वयाचं एक पोर. त्याला ओरडून विचारतात, चिडवतात, जोर काढायला लावतात, घरातल्या गोष्टी काढतात. पोर हसायचा प्रयत्न करतं, मग ओठ थरथरतो, मग रडतं. कॅमेरा जवळ जातो. मी यांना विचारलं, "इथे दुसरा दोर कुठे आहे?" हे बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. म्हणाले, "इथे मला दिसत नाही."

धाकटा म्हणाला, "आई, रडला तो जास्त व्हायरल झाला." त्याने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, माहिती म्हणून सांगितलं. मला गच्चीवर पोटात जसा गोळा आला होता तसाच पुन्हा आला. फळीवरून पडणाऱ्याला धरायला माणसं ठेवतात, त्यांना पगार देतात. या पोराला घरी गेल्यावर कोण धरतं? गल्लीतल्या सगळ्यांनी ते पाहिलेलं असतं.

२०१०मध्ये सरकारने 'बिग बॉस'ला रात्री अकरानंतर जायला सांगितलं होतं आणि ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं. २०११पासून वाहिन्यांच्या तक्रारी ऐकायला त्यांच्याच संघटनेने नेमलेली परिषदही आहे. वेळ पाळणारा टीव्ही घरात होता तेव्हा या सगळ्याला काही अर्थ होता. आमच्या पोराच्या हातातल्या मोबाइलला अकराही वाजत नाहीत आणि सकाळही होत नाही. जेवताना, रिक्षात, डहाणू लोकलच्या दारात, कुठेही तोच तुकडा, कापून आणखी छोटा केलेला. पट्टी तर आधीच गळून गेलेली.

ऑडिशनला जाऊ नको असं मी त्याला म्हटलेलं नाही. म्हणवत नाही. गच्चीला मात्र कुलूप लावलं, सोसायटीला सांगून चावी माझ्याकडे ठेवली. आता पोरं दुपारी येतात, दारातून हाक मारतात, "काकू, चावी." मी चावी देत नाही, स्वतः वर जाते. टाकीच्या सावलीत गवार मोडत बसते. मोबाइल खाली घरी ठेवते.

परवा व्हिडिओ घेतला. कठड्यापासून लांब, भिंतीला पाठ लावून तो उभा होता. सुरुवात केली, "मी सालवडचा, बोईसर. माझे वडील उंचावर काम करतात." तिथे अडला. खाली बघितलं. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथेच अडला. तिसऱ्यांदा जमत आलं होतं आणि तेवढ्यात तीनचा भोंगा झाला, लांबवर ओरडत राहिला.

"काकू, आवाज येतोय त्यात," मोबाइल धरलेला पोरगा म्हणाला.

"येऊ दे," आमचा म्हणाला. "ठेव तसंच."