चार इंचांचा तुकडा

जुनी मोटार चालू करणे आणि ती पूर्ववत करणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिल्यासाठी हातात कसब असले की पुरते; दुसऱ्यासाठी मात्र त्या कसबाला वेळोवेळी थांबवणारी शंका मनात असावी लागते. झाशीच्या रेल्वे कारखान्यात आयुष्यभर फिटर म्हणून काम केलेल्या एका मराठी गृहस्थांजवळ ही शंका भरपूर होती. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे १९४९ सालची एक मॉरिस मायनर आली. ती नात्यातल्या एका वकिलांची होती. अनेक वर्षे गोठ्यात पडून राहिल्याने तिची आसने उंदरांनी कुरतडली होती आणि पत्र्याला जागोजागी गंज धरला होता.

मदतीला पुतण्या होता. पहिल्याच दिवशी त्याने पुढच्या बंपरकडे बोट दाखवले. बंपरच्या मधोमध सुमारे चार इंचांचा वेगळा तुकडा बसवलेला होता.

“काका, अपघातानंतर कोणीतरी जोड दिलाय. हा काढून अखंड बंपर बसवू या.”

“जोड आहे खरा, पण तो कोणी दिला ते आधी कळू दे.”

तो जोड कारखान्यातच दिलेला होता! या गाडीचा आराखडा करणारे अॅलेक इसिगोनिस यांना तयार झालेला नमुना ऐन वेळी अरुंद वाटू लागला. त्यांनी तो लांबीच्या दिशेने मधोमध कापायला लावला आणि दोन्ही अर्धे भाग डोळ्यांना बरे दिसेपर्यंत एकमेकांपासून दूर सरकवले. गाडी चार इंचांनी रुंदावली. बंपर मात्र जुन्या मापाचे होते. म्हणून १९४८ मध्ये विक्रीस आलेल्या पहिल्या गाड्यांच्या बंपरना मध्ये तुकडा जोडण्यात आला. बॉनेटवरची सपाट पट्टी ही त्याच रुंदीकरणाची खूण आहे. जे ठिगळ वाटत होते तेच अस्सल होते, आणि अखंड, चकचकीत बंपर बसवला असता तर तो खोटा ठरला असता.

मग काका प्रत्येक भागाला प्रश्न विचारू लागले. दोन तुकड्यांची पुढची काच बरोबर होती. एकसंध, वक्र काच १९५६ मध्ये आली. हेडलाइट मडगार्डवर नसून खाली जाळीच्या दोन्ही बाजूंना होते, तेही सालाशी जुळत होते. रंगाचा प्रश्न अधिक नाजूक होता. वरून गाडी पांढरी होती. पुतण्या काचपेपर घेऊन सरसावला, तेव्हा काकांनी त्याचा हात धरला. एकदा घासून गेलेला थर पुन्हा मिळत नाही. डॅशबोर्डच्या आतली बाजू, आसनांखालचा पत्रा, नंबरप्लेटच्या मागची जागा, अशा ठिकाणी नंतरच्या रंगाऱ्याचा हात सहसा पोहोचत नाही. तेथे हिरवा रंग सापडला. तो थेट कारखान्याच्या अस्तरावर होता, मध्ये दुसरा थर नव्हता.

ब्रिटनमध्ये गेडन येथील संग्रहालयात अनेक जुन्या मोटार कारखान्यांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. चासी क्रमांकावरून गाडी केव्हा बनली, कोठे पाठवली, याचा दाखला तेथून मिळू शकतो. पण भारतात हाही पुरावा जपून वापरावा लागतो. हिंदुस्थान मोटर्सने उत्तरपाडा येथे हीच गाडी ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने जोडली. सुट्या भागांतून जुळवलेल्या गाडीला रंग येथे दिला गेला असेल, तर तो विलायतेतल्या वहीत कसा सापडणार?

झाशीला हा प्रश्न नवा नाही. १८५८ चा वेढा प्रत्यक्ष पाहिलेल्या गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला, तो मजकुरात फेरफार करून. भटजींचे मूळ लेखन दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाने १९६६ मध्ये वाचकांपुढे आले. तेथे हस्तलिखित शिल्लक होते म्हणून बरे. काचपेपराने पुसलेल्या रंगाचे हस्तलिखित कोठून आणणार?

खरा पेच निघाला तो इंजिनाचा. या सालच्या गाडीत ९१८ सीसीचे, बाजूला व्हॉल्व्ह असलेले इंजिन हवे. आत होते ते वर व्हॉल्व्ह असलेले, म्हणजे १९५२ नंतरचे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांच्या वेगळ्या नोंदणीचा नियम केला. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. पुतण्याने तोडगा काढला. भंगारातून जुने इंजिन आणायचे, त्यावरचा क्रमांक घासून टाकायचा आणि पाटीवरचा क्रमांक ठोकायचा.

“कोणाला कळणार आहे, काका?”

काकांनी उत्तर दिले नाही. त्यांनी वकिलांचे पिवळे पडलेले नोंदणी पुस्तक उघडले. इंजिन बदलल्याची नोंद तेथे शिक्क्यासह होती. वकिलांनी ते लपवले नव्हते.

पुढच्या आठवड्यात काकांनी अर्ज भरला. इंजिन क्रमांकाच्या रकान्यात गाडीत असलेल्या इंजिनाचा क्रमांक लिहिला, खाली पाटीवरचा क्रमांक नमूद केला आणि त्या शिक्क्याच्या पानाची प्रत सोबत जोडली.