भात्याची लांबी

दिवाळीची साफसफाई निघाली, की आमच्या घरात दरवर्षी एक भांडण ठरलेले असे. माळ्यावरचे डबे, जुन्या वह्या, फुटक्या पणत्या, सगळ्यांचा निकाल लागे. पण बाहेरच्या खोलीतल्या काळ्या खोक्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. नव्या पाहुण्याला ते शिवणयंत्र वाटे, मुलांना बाजाची पेटी. खरे तर तो कॅमेरा होता, आमच्या सासऱ्यांचा. सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही म्हणते. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत माणसांनीच अंग चोरून वावरायचे, तिथे हे धूड! मी दिवसा शाळेत शिकवते आणि रात्री कादंबऱ्या लिहिते. लिहायचे टेबल ठेवायची जागा नेमकी या खोक्याने अडवली होती. तेव्हा माझा राग निव्वळ गृहिणीचा नव्हता, लेखिकेचाही होता.

नानांनी उमेदीची तीस वर्षे मुंबईत ब्लॉक करण्याच्या कारखान्यात काढली. ब्लॉक म्हणजे काय, हे आता सांगावे लागेल. पूर्वी दिवाळी अंकातले प्रत्येक छायाचित्र छापण्याआधी एका भल्या मोठ्या कॅमेऱ्यापुढे उभे राही. आत बारीक रेघांच्या जाळीची काच असे. वर्तमानपत्राच्या कागदासाठी इंचाला ६५ रेघा, गुळगुळीत आर्ट पेपरसाठी १३३. त्या जाळीतून चित्राचे ठिपके होत, ठिपके जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर उतरत आणि पत्रा तेजाबात जाई. शेजारी छपाईची यंत्रे धडधडत, म्हणून कॅमेरा स्प्रिंगांवर तोललेला असे. आपल्या आया-आज्यांनी फराळाच्या दुपारी उलटलेली ती पाने अशा भिंगांपुढून गेलेली आहेत. पुढे ऑफसेट आले, मग संगणक आला आणि कारखान्याला कुलूप लागले. नानांनी निरोपाला शाल-श्रीफळ मागितले नाही; भंगाराच्या भावात एक भिंग मागून घेतले. तीस इंचांचे.

तीस इंच ही त्याची रुंदी नव्हे. शाळेच्या पुस्तकात ज्याला नाभीय अंतर म्हणतात, ते हे. अशा भिंगातून दूरचा डोंगर पाहायचा, तर मागची काच भिंगापासून तीस इंचांवर धरावी लागते. म्हणजे कॅमेराच अडीच फूट लांब. नानांनी सुताराकडून पेटी करून घेतली. मागे आठ बाय दहा इंचांची दुधी काच, पुढे भिंग आणि दोहोंच्या मध्ये घड्याघड्यांचा काळा भाता. झडप नाहीच. भिंगाचे टोपण काढायचे, आकडे मोजायचे आणि टोपण लावायचे.

एवढा खटाटोप कशासाठी, तर मलंगगडासाठी. आमच्या गच्चीवरून तो दिसे. सासूबाई रोज सकाळी कपडे वाळत घालून झाले की कठड्याशी उभ्या राहून, त्याच्याकडे बघत चहा पीत. त्या गेल्या. वर्षभरात समोरची बैठी घरे पाडली गेली आणि बावीस मजल्यांची पाटी लागली. नानांची नजर तोवर काचबिंदूने बरीचशी खाल्ली होती. एका संध्याकाळी ते मला म्हणाले, "सूनबाई, तुझे डोळे जरा उसने हवेत."

लग्नाला अठरा वर्षे झाली होती. एवढ्या काळात आमचे बोलणे 'चहा ठेवलाय' आणि 'गोळ्या संपल्यात' यापलीकडे फारसे गेले नव्हते. भांडण म्हणावे तर तेही तोंडावर नाही. मी खोक्याशी भांडायची आणि ते ऐकून घ्यायचे. मी होय म्हणाले खरी, पण मनात म्हटले, एकदा डोंगर टिपला की खोके हलेल.

पहिल्या दिवशी काळ्या कापडात डोके घातले आणि ओरडले, "नाना, सगळं उलटं दिसतंय!"

"मग बरोबर आहे," ते म्हणाले.

डोंगर गच्चीपासून सरळ रेषेत चौदा-पंधरा किलोमीटर. त्याचा किलोमीटरभर रुंदीचा भाग दुधी काचेवर जेमतेम दोन इंच भरे. या मापाची नेहमीची फिल्म आम्हाला परवडण्यासारखी नव्हती, म्हणून आम्ही एक्स-रेची आणली. तिला तांबडा उजेड दिसत नाही, त्यामुळे न्हाणीघरात तांबडा दिवा लावून ती धुता येते. मात्र निळे तिला जरा जास्तच दिसते, आणि दूरच्या हवेत भरलेले असते ते निळेच. पहिल्या चित्रात डोंगराच्या जागी नुसते पांढरे धुके आले. दुसऱ्या वेळी वाऱ्याने भाता थरथरला, त्यात खालून जलद लोकल गेली. मलंगगडाला जुळे झाले.

मी चिडले, आणि चिडले की वाचत बसते, ही माझी सवय. वाचता वाचता जेऊर सापडले. सोलापूर जिल्ह्यातले, करमाळ्याजवळचे हे स्टेशन. १८९८ सालच्या २२ जानेवारीला तिथे खग्रास सूर्यग्रहण दिसले. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेतून कॅम्पबेल नावाचे ज्योतिर्विद पत्नीसह तिथे आले होते, पुण्याहून प्राध्यापक नायगमवालांची तुकडी आली होती. कॅम्पबेलांच्या एका कॅमेऱ्याची लांबी चाळीस फूट होती! भिंग उंचावर, काच खाली जमिनीजवळ आणि ती सूर्याच्या चालीने यंत्रावर सरकणारी. ग्रहण पुरते लागले ते जेमतेम दोन मिनिटे. मुंबईहून जेऊरला जायची वाट आमच्याच दारावरची: १८५३ साली ठाण्यापर्यंत आणि १८५४ साली कल्याणपर्यंत आलेली. ज्या रुळांनी आमचा डोंगर हलवला, त्याच रुळांवरून तो चाळीस फुटांचा संसार गेला असणार.

नानांना हे वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चाळीस फूट! आणि हललं नाही?"

"नाही."

"सूर्य केवढा आला असेल?"

मी कागदावर हिशेब केला. साडेचार इंच. त्यांनी बोटांनी हवेत तेवढे गोल करून पाहिले आणि हसले. त्या घरात मी त्यांना इतके मोकळे हसताना प्रथमच पाहिले.

तिसऱ्या खेपेला आम्ही शहाणे झालो होतो. ऑक्टोबरातला पाऊस रात्री पडून गेला होता, हवा धुतल्यासारखी होती. भिंगापुढे पिवळी काच लावली, भात्याच्या वाऱ्याकडच्या अंगाला आमचे हे छत्री धरून उभे राहिले आणि मी दोन लोकलच्या मधली फट साधली. डोंगर आला! एका कोपऱ्यात नव्या इमारतीच्या सळ्याही आल्या होत्या. नानांनी ओले चित्र डोळ्यांशी नेले, तिरपे केले आणि माझ्या हातात दिले.

"सुळका दिसतो का गं?"

"दिसतो. डावीकडे. त्याच्या खाली झाडी आहे."

"मग वाच पुढे," ते म्हणाले. मी तो डोंगर त्यांना धड्यासारखा वाचून दाखवला.

आता खोके हलवायचे, असे ठरले होते. मीच म्हणाले, "नाना, आता तुम्ही बसा समोर."

आणि तिथे माझी फजिती झाली. मला वाटले होते, चौदा किलोमीटर गाठणाऱ्याला साडेसात फूट ते काय! पण भाता संपला तरी नानांचा चेहरा पुसटच. भिंगाचा कायदा उलटा आहे. दूरच्या डोंगराला तीस इंच पुरतात. साडेसात फुटांवरच्या माणसाला पंचेचाळीस लागतात, आणि उजेड सव्वादोनपट. आणखी जवळ, पाच फुटांवर या, तर साठ इंच आणि उजेड चौपट. इतके करूनही डोळे साधले की कान पुसट.

जुन्या छत्रीचे दुहेरी कापड घेऊन मी पंधरा इंच भाता शिवून जोडला. आत विजेरी लावून त्याची भोके शोधली आणि बुजवली. त्यात चार रात्री गेल्या, कादंबरी तशीच राहिली. रविवारी सकाळी नाना खिडकीशी बसले. मी कापडाखाली शिरून भाता ओढत गेले, आणि अठरा वर्षे जो चेहरा मी ताटावरून, दारातून, पाठमोरा पाहिला होता, तो काचेवर हळूहळू उमटला. उलटा, पण रेषा न् रेषा स्पष्ट. टोपण काढले, चार मोजले, टोपण लावले.

आता समोरची इमारत पुरी झाली आहे. गच्चीवरून मलंगगड दिसत नाही. दिवाळीत त्या खिडक्यांतले आकाशकंदील दिसतात, तेही वाईट नाहीत. डोंगर स्वयंपाकघरात सासूबाईंच्या कपाजवळ लावला आहे. मी लिहिते ती जेवणाच्या टेबलावर. खोके जागच्या जागी आहे. यंदा साफसफाईत मी ते पुसले, तेव्हा नाना आत येऊन म्हणाले, "सूनबाई, ती तुझी फिल्म दे जरा." त्यांनी ती चाचपली आणि विचारले, "चेहरा केवढा आला आहे गं?"

मी पट्टी लावली. हनुवटीपासून कपाळापर्यंत साडेचार इंच.