दुधाचा रतीब

मरोळच्या गावठाणात आमचे बालपण गेले. शहरातील म्हशींचे तबेले बाहेर नेण्यासाठी १९४९ मध्ये वसविलेली आरे दूध वसाहत तेथून जवळच; तरी आमच्या घरी रतीब होता तो एका तबेल्यातील भय्याचा. सरकारी दुधाला साय धरत नाही, असे आईचे ठाम मत!

भय्या पहाटे सायकलीला दोन्ही बाजूंनी किटल्या लटकावून येई. त्या वेळी आई मिस्साला गेलेली असे. तो माप भरून ओती आणि वर एक धार अधिक सोडी. त्याची पाठ फिरताच आम्ही दोघे भाऊ पेलाभर कच्चे दूध पीत असू आणि तेवढेच पाणी पातेल्यात घालीत असू. अगदी मोजून.

साय पातळ पडू लागली. १९७७ च्या पावसाळ्यात एके सकाळी आईने भय्याला दारात जाब विचारला.

"बाई, देवाशपथ, एक थेंब पाणी घातले नाही."

आम्ही दाराआड उभे होतो. रतीब तुटला.

मग आरेचे कार्ड आले. अंधारात केंद्रावर रांग लावून काचेची बाटली आणण्याचे काम आमच्याकडे लागले. तिच्या तोंडावर अ‍ॅल्युमिनियमचे पातळ टोपण असे. त्याला नख लागले तरी कळे.

आम्ही पापनिवेदन केले, क्षमाही मिळाली. आईला मात्र सांगितले ते सेमिनरीत दाखल होण्याच्या आदल्या रात्री. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्याचे त्या महिन्याचे पैसेही मी दिले नव्हते रे."