दोघांनी सांगितलेली गोष्ट

आमची इमारत पाडायची ठरली आणि घरातल्या सामानाची झडती सुरू झाली. सौभाग्यवतीने पहिला हात घातला तो माझ्या पुस्तकांच्या फळीला. ज्ञानेश्वरी राहिली, शब्दकोश राहिला, आणि मग तिच्या हाती लागली पाच जाडजूड इंग्रजी पुस्तके. मुखपृष्ठांवर तलवारी, चिलखते, ड्रॅगन.

"ही मुलांची असतील ना? रद्दीत टाकते."

मी पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ. "माझी" म्हणायला जीभ रेटेना. पण ती माझीच होती. म्हणजे अर्धी माझी, अर्धी दादाची.

दादाला नुकती नोकरी लागली होती तेव्हाची, १९८८ सालची ही गोष्ट. फ्लोरा फाउंटनजवळच्या फुटपाथवर घासाघीस करून त्याने सहाच्या सहा भाग आणले. 'ड्रॅगनलान्स'ची पहिली त्रयी १९८४ आणि ८५ सालची, दुसरी १९८६ची. लेखक दोन : मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन. ट्रेसी हे पुरुषाचेही नाव असते हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

दहाला घरातले दिवे जात. दादा गॅलरीतल्या दिव्याखाली वाचत बसे आणि पहाटे नळावर, बादल्या भरेपर्यंत, रात्रीचा भाग मला सांगे. माझे इंग्रजी बेताचे. त्यातून मला दमा. धाप लागली की दादा मला पाठुंगळी घेऊन तीन जिने चढायचा. त्या कादंबऱ्यांतही जुळे भाऊ आहेत. कॅरामन धिप्पाड लढवय्या. रेस्टलिन खोकून खोकून बेजार झालेला, कडवट जिभेचा जादूगार. त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या वाळूच्या घड्याळासारख्या. ज्याच्याकडे बघावे ते त्याला म्हातारे होताना, झडताना दिसते. दादा हे सांगताना मुद्दाम खोकायचा. मी चिडायचो आणि मनातून खूष व्हायचो.

या पुस्तकांचा जन्मही मजेदार. हिकमन आणि त्यांच्या पत्नी लॉरा नोकरीसाठी विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावी निघाले होते, तेव्हा मोटारीतच या जगाची कल्पना रंगू लागली. नोकरी 'टीएसआर' या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळाच्या कंपनीत. वाइसबाई तिथेच संपादक. कादंबरी बाहेरच्या लेखकाकडून लिहून घ्यायची असा बेत होता. तो काही जमेना, तेव्हा या दोघांनीच सुरुवातीची प्रकरणे लिहून काढली आणि काम त्यांच्याकडे आले. जग उभे करण्यात हिकमन वाकबगार, तर ते कागदावर उतरवणे वाइसबाईंच्या हातचे. पुढे भांडणेही झाली. पण ती एकमेकांशी नव्हेत. २०२० साली नव्या कादंबऱ्यांवरून दोघांनी मिळून खेळाच्या नव्या मालकांवर दावा लावला, काही आठवड्यांतच तो मागे घेतला, आणि २०२२ साली पुन्हा दोघांच्या नावाने नवा भाग आला. लिहिण्याचा संसार इतकी वर्षे टिकणे म्हणजे चेष्टा नव्हे.

पुस्तके रद्दीतून वाचवली आणि पुन्हा वाचायला घेतली. खरे सांगू? दोष ढळढळीत दिसले. टॉल्किनची उसनवारी आहे, आणि कधी कधी पानामागे फाशांचा खडखडाट ऐकू येतो. पण झाडांवर बांधलेल्या त्या गावातली खानावळ आली, मसालेदार बटाट्यांची थाळी आली, पाच वर्षांनी भेटलेले मित्र तोंडभर भांडू लागले, आणि मी पुस्तक खाली ठेवीना. म्हातारा फ्लिंट छातीत कळ येऊन मरतो, तिथे चष्मा काढून पुसावा लागला. सौभाग्यवतीने पाहिले, पण काही विचारले नाही.

पाचवा भाग संपला आणि सहावा नाही. तो दादाकडे. वडील गेल्यावर वाटण्या झाल्या त्यात कसा तरी तिकडे गेला.

वाटण्यांचे काय सांगायचे! दादा डोंबिवलीला, मी दादरला. मध्ये एक लोकल. पण खोली कुणाच्या नावावर यावरून वकिलांची पत्रे गेली आणि सहा वर्षे आम्ही एकमेकांचा आवाज ऐकला नव्हता. माझ्याकडे हिशेब तयार होता : दुरुस्तीचा खर्च किती, वडिलांच्या औषधांचा किती. त्यात पाठुंगळीचे जिने मात्र कुठेच लिहिलेले नव्हते.

रात्री दहाला फोन केला.

"दादा, मी."

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"बोल."

"ड्रॅगनलान्सचा सहावा भाग तुझ्याकडे आहे का रे?"

पुन्हा पंखा. मग दादा खोकला. पूर्वी खोकायचा तसा मुद्दाम, की वयामुळे, ते मला ओळखता येईना.

"आहे. पण शेवटची पानं वाळवीनं खाल्लीत."

"मग?"

"मग काय! मला पाठ आहे. रविवारी ये, सांगतो. आणि हे बघ, आमच्याकडे लिफ्ट बंद आहे. सावकाश चढ."