टँकरवरचा शब्द

इंग्रजी शब्दाची फोड करून शिकवण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही, असं मी बत्तीस वर्षं मानत आलो. गेल्या पावसाळ्यात सातवीतल्या एका मुलीने त्यातली हवा काढली. शाळेसमोर हायवेला टँकर उभा होता. मागे लाल अक्षरांत 'हायली इन्फ्लेमेबल'. ती म्हणाली, "सर, 'इन' म्हणजे 'नाही' ना? मग हा पेटणारच नाही."

मी हसलो. हसायला नको होतं. आदल्याच दिवशी फळ्यावर 'इनकरेक्ट', 'इनव्हिजिबल' मांडलं होतं. पुढे 'प' आला की इम्पॉसिबल, 'ल' आला की इलीगल, 'र' आला की इरेग्युलर, हेही झालं होतं. लॅटिनमधला हा 'इन' आपल्या 'अ-अन्'चा चुलतभाऊ, हे सांगताना माझी मान नेहमीसारखी ताठ झाली होती. टँकरवरचा 'इन' मात्र दुसऱ्या घरचा, 'आत'वाला. लॅटिन 'इन्फ्लामारे' म्हणजे पेटवणं. दिसायला दोघे तंतोतंत एक. कोणता कुठला, हे ओळखायचं कसं? शब्द आधी माहीत असेल तरच तो नीट फोडता येतो. मग फोडायचा कशाला? या प्रश्नाने माझ्या कित्येक रात्री खाल्ल्या. बरं, चूक तिच्या एकटीची नव्हे. लोकांचा नेमका हाच घोटाळा होईल या धास्तीने अमेरिकेतल्या अग्निसुरक्षावाल्यांनी विसाव्या शतकात 'फ्लेमेबल'चा आग्रह धरला.

क्लासवाल्यांच्या पुस्तिकांत असल्या शंका नसतात. डावीकडे तुकडा, उजवीकडे अर्थ, करा पाठ. मी त्यांना मनसोक्त नावं ठेवतो. माझ्या झेरॉक्स नोट्सही त्याच वळणाच्या आहेत, फक्त अक्षर सुंदर.

मग चाचणीत तिने 'इनव्हॅल्युएबल'चा अर्थ लिहिला, 'टाकाऊ'. मी लाल फुली मारली आणि रात्री अंथरुणात उठून बसलो. आपला 'अमूल्य' तसाच तर बनलाय! त्याला कुणी फुकटचा समजत नाही. कारण मोल 'नाही' असं तिथे म्हणायचंच नसतं. मोल 'करता येत नाही', असं म्हणायचं असतं. इंग्रजीतही 'व्हॅल्यू' इथे क्रियापद आहे: आधी 'मोल करता येण्याजोगा', मग त्याला नकार. गीतेतला 'अनुत्तम' घ्या. वरवर 'उत्तम नसलेला', खरा अर्थ ज्याहून उत्तम काही नाही तो. म्हणजे तुकडे ओळखून भागत नाही, कोणता कशाला आधी चिकटला हेही बघावं लागतं. 'अनलॉकेबल' दार कुलूप न लागणारं की कुलूप उघडता येणारं? दोन्ही बरोबर. हे मी इतकी वर्षं शिकवलंच नव्हतं.

फुली खोडून अर्धा मार्क दिला. पूर्ण देववला नाही.

परवा ती 'इनहॅबिटेबल' घेऊन आली. "सर, राहता येतं की नाही?" मी घड्याळाकडे बघत म्हटलं, "उद्या घेऊ." घरी गेल्या गेल्या डिक्शनरी उघडली. राहण्याजोगं! पुन्हा तो आतवालाच. दुसऱ्या दिवशी वर्गात असा बोललो, की जणू बाळकडूतच मिळालं होतं.